हौदाला विरजण

१२ मे, सोमवार
आजपासून रोज नोंद. पुढे पेपर लिहिताना उपयोगी पडेल. पेपरवर ग्रॅहॅमचं नाव सगळ्यात शेवटी.

लीड्सच्या मैलापाणी प्लँटवर माझा पायलट प्रोजेक्ट: एक उथळ हौद, त्यात शहराचं सांडपाणी आणि सूक्ष्म शेवाळ. शेवाळ पाण्यातला अमोनिया खातं, वाढतं, आणि पाणी नदीत सोडायच्या लायकीचं होतं. मॅनेजर असून ग्रॅहॅमला हे तीनदा समजवावं लागलं. एका महिन्याने हेड ऑफिसची मंडळी येणार. पसंत पडलं तर मी पर्मनंट. नाही पडलं तर नोकरी गेली आणि व्हिसाही. म्हणजे पर्मनंटच.

सुनीतीला म्हटलं, घरं बघायला लाग. म्हणाली, आधी लेटर येऊ दे. माझ्या बायकोने माझ्यावर विश्वास ठेवण्याचं अजून एकही उदाहरण नाही.

१५ मे
ढग. हौद फिकट. या देशाकडून उन्हाची अपेक्षाच चुकीची.
यतीन म्हणाला, थांब जरा, वाढेल शेवाळ. यतीन माझ्याच बरोबरीच्या पोस्टवर, पण नागपूरचा. उन्हाबद्दल त्याचं ऐकलंही असतं. शेवाळाबद्दल नाही.

१९ मे, रात्री
सुचलं!! घरी आठवडाभर दही लागत नव्हतं. दुकानी दह्याच्या विरजणाने नुसतं आंबट पाणी. काल सुनीतीच्या मैत्रिणीकडून, वरदाकडून, घरचं विरजण आणलं आणि आज घट्ट कवडी दही. आमचं लॅबमधलं शेवाळ असंच, बाटलीत लाडाने वाढलेलं. त्याला विरजण हवं खमकं. पार्कातल्या बदकांच्या तळ्यावर हिरवी साय धरलेली असते.

पीएचडीत असलं काही शिकवत नाहीत. त्याला घरात दही लावणारी आई लागते.

२० मे
सकाळी तळ्यातून दोन बादल्या भरल्या. कुत्रा फिरवणाऱ्या आजीबाईंनी विचारलं, हे कशासाठी. मी सविस्तर सांगितलं. त्यांनी कुत्रा जवळ ओढून घेतला.

यतीन म्हणाला, अरे, तळ्यातून शेवाळाबरोबर किडेही येतात, ओतण्याआधी मायक्रोस्कोपखाली बघ तरी. मी म्हटलं, विरजण कोणी मायक्रोस्कोपखाली बघतं का?
गणपतीचं नाव घेऊन ओतलं.

२८ मे
हौद हिरवागार! ऊनही पडतंय, पण त्याचा काही संबंध नाही. ग्रॅहॅम 'नॉट बॅड' म्हणाला. इथे यॉर्कशरमध्ये याहून मोठी शाबासकी नाही.
यतीनला माफ करायचं ठरवलं.

५ जून
चमत्कार. शनिवारपासून हौद निवळत होता, आज तळ दिसतोय. पाणी नारळपाण्यासारखं. शेवाळ काम संपवून खाली जाऊन बसलं असणार. पाण्यात बारीक ठिपके टुणटुण उड्या मारताहेत. ऑक्सिजन!

यतीन तोंड पाडून म्हणाला, हे पाणी साफ नाही झालं, शेवाळ मेलंय, अमोनिया मोजू या. डोळ्यांना दिसतंय ते मोजायचं कशाला? जळतो बिचारा. फोटो महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मंडळाच्या मिहीरने अंगठा दिला. पुढच्या महिन्यात माझं व्याख्यान ठेवा असं मीच सुचवलं. त्यावर अजून कोणी काही बोललं नाही. भारावले असतील.

९ जून
यतीनने स्वतःच्या बाटल्यांत जुनं शेवाळ राखून ठेवलंय. म्हणाला, हौद रिकामा करून हे सोडू, उद्या-परवापर्यंत थोडा तरी रंग धरेल. म्हणजे माझ्या हौदावर याचं नाव. नाही म्हटलं.

१२ जून
आले. चार जण. मी काचेच्या ग्लासात हौदाचं पाणी घेऊन उजेडात धरलं आणि नुसता हसलो. अशा क्षणी बोलायचं नसतं.
चष्मेवाल्या बाईंनी ग्लास जवळ घेतला. म्हणाल्या, यात काहीतरी पोहतंय. मी म्हटलं, ऑक्सिजन. त्या म्हणाल्या, ऑक्सिजनला सहसा पाय नसतात.

मग ग्रॅहॅमने मोजलं. हौदात जाताना जेवढा अमोनिया, बाहेर येताना तेवढाच. यतीनला विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, पाणपिसवा आहेत, तळ्यातून आल्या, सगळं शेवाळ खाऊन टाकलं.
मंडळींनी उरलेला वेळ यतीनच्या बाटल्या बघितल्या. हेड ऑफिसला बाटल्या कळतात. व्हिजन कळत नाही.

१३ जून
ग्रॅहॅमने बोलावलं. फार अदबीने बोलला, तेव्हाच ओळखलं. प्रोजेक्ट चालू राहणार, यतीनच्या हाताखाली. माझं काँट्रॅक्ट संपलं की संपलं.
परत गेलो तर आमच्या पुण्यात मला कोणीही घेईल. मला पुणं घ्यायचंय की नाही, हा प्रश्न आहे.

सुनीती ओरडेल म्हणून तयारी करून घरी गेलो. तिने कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या. ते जास्त लागलं.

१६ जून, सोमवार
यतीनचा फोन. त्याने ग्रॅहॅमच्या मागे लागून माझं काँट्रॅक्ट सहा महिने वाढवून घेतलंय, तोवर व्हिसा टिकेल. काम: रोज सकाळी हौदाचं पाणी जाळीतून गाळून पिसवा वेचणे.
मी म्हटलं, विचार करून सांगतो.
सुनीतीने माझ्या हातातून फोन घेतला, त्याला म्हणाली, विचार झालाय, किती वाजता पाठवू?
साडेसहाला.