ना हरकत देण्याआधीच्या काही हरकती

प्रति,
मा. पात्रनिवड अधिकारी,
चित्रपट निर्मिती कार्यालय,
दुसरा मजला, लिफ्टशेजारची खोली.

विषय: आमच्या संगीत नाटकावरून निघणाऱ्या चित्रपटात माझ्या पत्नीस नायिका म्हणून व माझ्या जागी भलत्याच इसमास नायक म्हणून घेतल्याबाबत.

संदर्भ: १) आमच्या नाटक कंपनीचे ना हरकत पत्र मागणारे आपले पत्र.
२) त्याच पत्राची आपल्या कार्यालयातील बाईंनी फोनवरून दिलेली आठवण, जरा चढ्या आवाजात.

महोदय,

मी खाली सही करणार, सदर नाटक कंपनीचा चालक व सदर नाटकातील नायक, आपल्या पत्रास उत्तर देण्यास विलंब झाल्याबद्दल दिलगीर आहे. विलंबाची कारणे पुढीलप्रमाणे आहेत. ती शेवटपर्यंत वाचावीत, ही विनंती.

१. सदर नाटक एका नावाड्याचे व पलीकडच्या काठावरील शिक्षिकेचे आहे, हे आपण जाणताच. नावाडी मी करतो, शिक्षिका माझी पत्नी करते. आमच्या लग्नाच्या आधीपासून हेच चालू आहे. किंबहुना लग्न या नाटकामुळेच झाले, कारण रोज तिसऱ्या अंकात तिला मागणी घालून घालून मला तीच सवय लागली. असे असता आपण जोडीतला एकच जोडा उचललात. एका पायात जोडा घालून कोणी बाजारात जात नाही, हे मी आपणांस सांगावे असे नाही.

२. माझी निवड न होण्याचे कारण विचारता आपल्या सहायकांनी तोंडी कळवले की, "बाईंचं वय कॅमेऱ्यात दिसत नाही, तुमचं दिसतं." यावर माझी हरकत अशी की, वय दिसणे हा माझा दोष नसून कॅमेऱ्याचा आहे. पुढे असेही कळवण्यात आले की, चित्रपटात खरी नदी आहे व नायकास पोहता येणे आवश्यक आहे. मी आजवर चाकांवरच्या नावेत वल्हे मारत आलो, त्यामुळे पोहण्याचा प्रसंग आला नाही, हे मान्य. परंतु पोहता नायिकेलाही येत नाही. तिला मात्र कोणी विचारले नाही.

३. आता निवड झालेल्या तरुणाविषयी. मला त्याचा मत्सर वाटतो, असा समज कृपया करून घेऊ नये. मत्सर बरोबरीच्या माणसाचा वाटतो. सदर तरुणाचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत, पण दंडाने पद म्हणता येत नाही. स्टुडिओतील तालमीच्या पहिल्या दिवशी तो माझ्या पत्नीस 'मॅडम' म्हणाला, तिथपर्यंत ठीक होते. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्यासाठी थर्मासमधून गरम पाणी आणले, कारण स्टुडिओत गारठा होता व तिचा घसा बसेल अशी त्यास चिंता. त्या पाण्याचे वर्णन मी आमच्या घरी जेवताना ऐकले. झोपताना ऐकले. सकाळी दात घासताना पुन्हा ऐकले. महोदय, मीही माझ्या पत्नीस आजवर पाणी दिलेले आहे. त्याचे वर्णन झाल्याचे मला आठवत नाही.

४. यापुढील हरकत तांत्रिक स्वरूपाची असून ती मी सर्वांत महत्त्वाची समजत होतो. शेवटच्या द्वंद्वगीतात मी नायिकेचे मनगट धरतो. प्रेक्षकांस ते प्रेम वाटते. वास्तविक मी त्या मनगटावर बोटाने ठेका देत असतो, कारण त्या गाण्यात नायिकेचा ताल सुटतो, व हे गुपित मी तिची अब्रू म्हणून आजवर कोणास सांगितले नव्हते. स्क्रीन टेस्टच्या दिवशी मी दिव्यांच्या मागे खुर्चीवर बसलो होतो. गाणे सुरू झाले तेव्हा सदर तरुण दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला. मी मनात म्हटले, आता बघा गंमत. ती चुकावी, म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो, हे लिहिताना मला लाज वाटते, पण अर्जात खोटे लिहू नये. ती चुकली नाही. दिग्दर्शकांनी पुन्हा म्हणायला लावले, तरी चुकली नाही. उलट मी इतक्या वर्षांत ते गाणे तिच्या तोंडून इतके मोकळे ऐकले नव्हते.

घरी आल्यावर मी खुलासा मागितला. ती कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्री न थांबवता म्हणाली, "अहो, ताल माझा कधी सुटलाच नव्हता. तुमचा सुटतो. नाव हलायला लागली की तुम्ही घाई करता. म्हणून मी हात पुढे केला. तुम्ही पळायला लागलात की मी मनगट जरासं मागे घ्यायचे, मग तुम्ही यायचात जागेवर."

मी विचारले, "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हात सोडला असता."

यावर साक्षीदार म्हणून मी आमच्या पेटीवाल्या काकांकडे गेलो. ते माझी बाजू घेतील अशी खात्री होती. त्यांनी पेटीचा भाता मिटला आणि म्हणाले, "मालक, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे." सबब मुद्दा क्रमांक ४ रद्द समजावा. खोडला नाही, कारण अर्ज पुन्हा उतरवून काढण्याइतके माझे मन ठिकाणावर नाही.

५. तथापि ना हरकत देण्यासाठी माझ्या काही अटी आहेत. नायकाची भूमिका मला द्यावी. ते शक्य नसल्यास नायकाचा आवाज माझा घ्यावा, कारण सदर तरुण केवळ ओठ हलवण्यास समर्थ आहे. तेही शक्य नसल्यास वल्हे मारणारे हात जवळून दाखवताना माझे दाखवावेत, त्यांस खरे घट्टे आहेत. यातले काहीच जमत नसेल, तर नावेत एक तिसरा प्रवासी असावा व तो दोघांच्या मधोमध बसलेला असावा. संवाद नसले तरी चालतील. मानधन नको. छत्री मी घरून आणीन.

६. वरील अटी मी पत्नीस वाचून दाखवल्या. आधी ती हसली. नंतर म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." त्यानंतर ती जे बोलली ते मी शब्दशः नोंदवतो.

"तुमच्या पोटात दुखतंय, ते मला दिसतंय. मलाही दुखलं असतं. पण तुम्ही सही केली नाहीत तरी मी जाणार आहे. मग मला कंपनी सोडून जावं लागेल. सही केलीत तर मी कंपनीचीच म्हणून जाईन, काम संपलं की येईन. कसं पाठवायचं ते तुम्ही ठरवा."

महोदय, त्या दिवसापासून आपले पत्र माझ्या उशीखाली आहे. तिथून ते कधी काढले, कधी पुन्हा ठेवले. सदर तरुणाचा मला राग आहे, तो राहीलच. पण खरी धास्ती त्याची नव्हती. माझ्याशिवाय तिचे इतके चांगले चालते, हे एकदा तिला कळल्यावर ती परत कशाला येईल, हे माझे दुखणे होते. ते मी कंपनीत कोणास सांगू शकत नव्हतो, म्हणून आपणांस हरकती लिहीत बसलो.

७. दरम्यान, प्रयोग बंद ठेवता येत नसल्याने पत्नीच्या जागी तात्पुरती नायिका पाहणे भाग पडले. काल आमच्या तालमीच्या खोलीत काहीजणी येऊन गेल्या. आपण कोणत्या खुर्चीवर बसता, हे मला काल समजले. गाणाऱ्याच्या डोळ्यांत बघवत नाही आणि 'कळवतो' म्हणण्यापलीकडे तोंडातून शब्द निघत नाही. निवडीस माझी पत्नी स्वतः शेजारी बसली होती. शेवटी एका शाळेत गाणे शिकवणारी मुलगी आली, आणि तिने तिसऱ्या अंकातले पद असे काही म्हटले की माझ्या तोंडून "वा!" गेले.

घरी आल्यावर पत्नी नाटकाचे कपडे घडी करून पेटीत भरताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आवाज चांगला आहे तिचा. घ्या तिला." मी बरे म्हटले.

"पण तिला माझ्या आरशासमोर बसवायचं नाही. दुसरा आणा."

मी बरे म्हटले.

"आणि एवढ्या मोठ्यांदा वा म्हणायची काही गरज नव्हती."

महोदय, मी अनेक प्रयोगांत टाळ्या घेतल्या आहेत. शपथेवर सांगतो, असे बरे मला कधी वाटले नव्हते. कायमचे जाणारे माणूस आपल्या आरशासमोर कोण बसेल याची पर्वा करत नाही, एवढे मला कळते. आज सकाळी मी बाजारातून त्या मुलीसाठी एक आरसा आणला. मुद्दाम लहान आणला.

८. सबब, मुद्दा क्रमांक ५ मधील सर्व अटी मी मागे घेत आहे. हरकती मागे घेत नाही, त्या आपल्या दप्तरी राहू द्याव्यात. माझ्या पत्नीस चित्रपटात काम करण्यास आमच्या कंपनीची हरकत नाही. तिला गारठा सोसत नाही, हे सदर तरुणाने सांगितलेच असेल. ते खरे आहे.

आपल्या उत्तराची अपेक्षा न ठेवता,
आपला नम्र,
(सही)
चालक व नायक, नाटक कंपनी

दिनांक: आजचा

सोबत: ना हरकत पत्र, सही-शिक्क्यासह. त्यावर तारीख मात्र आपले पत्र मिळाले त्या दिवसाची घातली आहे. नायिकेने विचारल्यास तीच सांगावी.