आंबेओहळची गोवर मोहीम

४ ऑक्टोबर १९९९
दवाखान्याचा चार्ज घेऊन महिना झाला. लोकांचा माझ्यावर विश्वास बसलाय असं वाटतं. सुनिता सिस्टर म्हणाल्या, सूर्यमाळच्या पलीकडे आंबेओहळ पाड्यावर एकाही पोराला गोवराची लस नाही. आधीचे डॉक्टर आळशी असणार. मी परवाच जाऊन हे संपवतो. सिस्टरना तसा निरोप धाडायला सांगितलं.

६ ऑक्टोबर
जीप बिघडली. ड्रायव्हर गोरख म्हणाला, चालत जाऊ, ओळखीची वाट आहे. पण डॉक्टर घामाघूम होऊन पोचला तर छाप काय पडणार? तोवर पाड्याचा नकाशा काढतो.

१५ ऑक्टोबर
जीप दुरुस्त झाली. नकाशा फार सुरेख जमतोय. अर्धवट टाकून जाण्यात अर्थ नाही. सिस्टर म्हणाल्या, पाड्यावर एक पोर तापलंय. म्हटलं, हवा बदलतेय.

२३ ऑक्टोबर, सकाळ
आंबेओहळची सुकरी आली. पाठीला मुलगी बांधलेली, सोमी, दीड वर्षाची. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, धाप लागलेली. गोवर, त्यात न्यूमोनिया. सुकरीला विचारलं, इतका उशीर का केलास?
म्हणाली, "तू येनार होतास ना?"
प्लॅनिंग म्हणजे काय, हे या लोकांना समजावणं कठीण. इंजेक्शन दिलं, अ जीवनसत्त्व पाजलं. मायलेकींना जीपने जव्हारला धाडलं.

दुपार
पोर वाटेतच गेली. गोरख सुकरीला पाड्याच्या वाटेपर्यंत सोडून आला. जेवलो. भात जरा कच्चा होता.

२४ ऑक्टोबर
केस आधीच हाताबाहेर गेलेली होती. सिस्टरना तसं सांगितलं. त्यांनी रजिस्टरात सोमीचं नाव लिहिलं. म्हणजे पटलं.
उद्या पाड्यावर जायचंच.

२५ ऑक्टोबर
ठाण्याला मीटिंग निघाली. आंबेओहळवर बोललो. साहेबांनी मान हलवली. मी नकाशाही सगळ्यांत फिरवला.

४ नोव्हेंबर
दिवाळीला घरी निघालो. दमलेला डॉक्टर कुणाच्या उपयोगाचा नाही. आल्या आल्या मोहीम.

१६ नोव्हेंबर
गेलो एकदाचा. लसीचा डबा सिस्टरच्या खांद्याला. पाड्यावर सामसूम. कुडाच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. एका अंगणात फागी नावाची म्हातारी नाचणी पाखडत होती. तिला विचारलं, लोक कुठायत?
"वीटभट्टीवर गेलीं, भिवंडीकडं. पोरांना घेऊन."
सुकरी?
"ती पन."
आणखी कुणाला गोवर झाला का, विचारलं. तिने पाड्याच्या टोकाची दोन घरं बोटाने दाखवली. तिथली पोरं बरी झाली का, ते मी विचारलं नाही.
म्हातारीने दंड पुढे केला. "एवढा चढून आलास, त माला तरी सुई मार."
ही लहान मुलांची लस आहे, असं मी सांगितलं. तरी तिने दंड मागे घेतला नाही.
सिस्टर ओट्यावर बसून राहिल्या. मी म्हातारीच्या काखेत थर्मामीटर लावला.
ताप नव्हता.