सॅम्पल फ्लॅटमधला नवरा

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज फुकटात कोल्ड कॉफी प्यायले. दोन ग्लास! पिंपळे सौदागरला नवीन टॉवर होतोय, तिथला सॅम्पल फ्लॅट बघायला संघर्षने, म्हणजे नवऱ्याने, नेलं. आपण घर घेतोय का, मी रिक्षातच विचारलं. "छे गं, टाइमपास." म्हणे तिथे एसी असतो, कॉफी देतात आणि कुणी ऊठ म्हणत नाही.

चाकणच्या त्याच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. जग रविवारी फिरतं, आम्ही गुरुवारी. बोट क्लबची बाग झाली. बसचा दिवसभराचा पास काढून खिडकीतून सगळं पुणं बघून झालं. मॉलच्या सरकत्या जिन्यावरून चार वेळा वर-खाली करून झालं, पाचव्या वेळी वॉचमन बघायला लागला. कमी पैशात करमणूक शोधण्यात माझ्या नवऱ्याचा हात धरणारं कुणी नाही.

पण आज तो काय काय बोलला! घरात दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस. तिथे दिव्या म्हणून मुलगी फ्लॅट दाखवते, तिला म्हणाला, "आमच्या मिसेस नर्स आहेत. त्यांना नाइट असते. बेडरूम अंधाराची पाहिजे, दिवसा झोप लागली पाहिजे त्यांना." कसली नाइट? नर्सिंग शिकलेय खरी, पण लग्न झाल्यापासून, म्हणजे आठ महिने, मी घरातच आहे. मला काही कळेना. मी नुसती मान डोलवत कॉफी पीत राहिले.

परत येताना बसमध्ये विचारलं, हे नाइटचं कुठून आणलंस? तर खिडकीबाहेर बघत बसला.

शनिवार, १ नोव्हेंबर

ऑर्डर आली! नांदेडहून दादाचा फोन. लग्नाआधी सरकारी भरतीची परीक्षा दिली होती, मी विसरूनही गेले होते. स्टाफ नर्स, हिंगोली जिल्ह्यातलं ग्रामीण रुग्णालय. एक डिसेंबरच्या आत हजर व्हायचं.

पप्पा, म्हणजे सासरे, म्हणाले, "सरकारी आहे ना?" आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तोंडात साखर घातली. संघर्ष सेकंड शिफ्टला निघाला होता. बूट घालता घालता म्हणाला, "तुझं तू ठरव."

सोमवार, ३ नोव्हेंबर

तुझं तू ठरव म्हणजे काय? जा? की जाऊ नको? की कुठेही जा, मला काय त्याचं? दोन दिवस हेच चाललंय डोक्यात. भाजीत मीठ दोनदा पडलं. पप्पांनी निमूटपणे खाल्ली, त्याचीच जास्त लाज वाटली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पुन्हा तोच टॉवर. दिव्याने फोन करून बोलावलं, दुसरा टाइप तयार झालाय म्हणून. आम्हीही मोठी गिऱ्हाइकं असल्यासारखे गेलो. मी लग्नातली साडी नेसले होते, हे इथे लिहायलाही लाज वाटते.

हा लगेच सुरू. खिडक्या बंद करून बघतोय, रस्त्याचा आवाज येतो का. दिव्याला विचारतोय, जवळ हॉस्पिटल कुठलं, रात्री रिक्षा मिळते का. "मिसेसना एकटीला यावं लागतं." मग मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि म्हणाला, "पलंग इकडे असा ठेवू. उशाला उजेड यायला नको." आठ महिन्यांत मला कसला उजेड आवडतो हे त्याने कधी विचारलेलं नाही. म्हणजे हा मला इथेच ठेवून घ्यायचं म्हणतोय का? मग घरात तसं का म्हणत नाही?

तो पार्किंग बघायला गेला तेव्हा दिव्या माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, एक सांगू? राग मानू नका. गुरुवारी येणारे कुणी घेत नाहीत, आम्हाला माहितीये. पण महिन्याला किती पार्ट्या आल्या ते वर दाखवावं लागतं. तुम्ही या खुशाल." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग ती हसत म्हणाली, "सर बोलतात मात्र छान. इथे सगळेच असं बोलतात. काहीजण तर मुलांची नावंसुद्धा ठरवून जातात."

सगळेच बोलतात. म्हणजे ते खोटं. मग खरा कुठला, बूट घालता घालता बोलतो तो?

रविवार, ९ नोव्हेंबर

आज सरळ विचारलं. पोळ्या लाटत होते, तो डबा भरत होता. "मी गेले तर तुला चालेल का?" तर म्हणाला, "हळू बोल."

एवढंच! हळू बोल! मी काय शिव्या दिल्या होत्या?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. त्याने एकट्याने जावं, तिथे त्याची नाइटवाली मिसेस आहेच. पण तोही गेला नाही. दिवसभर पंखा खोलून बसला. पंखा चांगला चालत होता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दादाला कळवलं, येते म्हणून. एकटी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी आईंबरोबर डांगे चौकात भाजीला गेले होते. मेथी निवडून घेता घेता एकदम म्हणाल्या, "आम्रपाली, तू त्याला घरात विचारू नको गं."

त्यांना कसं कळलं? मी काहीच बोलले नव्हते. मग लक्षात आलं, पोळ्या लाटताना विचारलं तेव्हा त्या पडद्यापलीकडे होत्या. पप्पासुद्धा होते. एक खोली आणि स्वयंपाकघर, मध्ये पडदा. जाणार कुठे माणसं?

म्हणाल्या, "या घरात मनातलं कुणी बोलतंय का? मी आले तवा नऊ माणसं होतो आमी. सासू, सासरे, दीर, नणंदा. एक शब्द काढला की नऊ जणांचा व्हायचा. मग ह्यांना नि मला भांडायचं असलं की गुरुवारी कासारवाडी स्टेशनला जायचो. फलाटावर बाकड्यावर बसायचं. गाडी आली की मोठ्यानं बोलायचं, गेली की गप. घरी येताना शेंगा आणायच्या. सासूला वाटायचं, काय हौशी जोडपं आहे!"

मला हसू येईना. संघर्षचं नावसुद्धा तिथेच ठरलं म्हणे. आणि तो या पडद्याच्या घरातच वाढला. पोरगं होतं तेव्हापासून त्याला दोनच शब्द शिकवले सगळ्यांनी, हळू बोल. आमच्या गावी शेताचा बांध होता, कुणाला काय सांगायचं ते बांधावर उभं राहून ओरडून सांगायचो. मला काय माहीत, इथे माणसाला बायकोशी बोलायला दुसऱ्याचा फ्लॅट लागतो!

तरी घोटाळा मिटला नाहीच. दार लोटल्यावर तो जे बोलला ते खरं धरलं, तर त्याला मी इथे हवी आहे. आणि ऑर्डर तर हिंगोलीची आहे. मग मी थांबू? तीन वर्षं शिकले ती काय पंख्याखाली बसायला? त्याने थांब म्हटलं तर मी नाही म्हणू शकेन की नाही, तेच मला कळत नाही. त्याच्यावर रुसणं सोपं होतं. आता तो आवडायला लागलाय, ही नवीन भानगड!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आईंना म्हटलं, गुरुवारी आम्ही बाहेर जातोय, मी नेतेय त्याला. त्यांनी कुठे ते विचारलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

कासारवाडी. प्लॅटफॉर्म तिकिटं मी काढली. अर्धा तास मी मनाशी ठरवत होते, थांब म्हणाला तर काय सांगायचं. लोणावळ्याची लोकल आली तेव्हा तो बोलला.

"मला पण ने."

कुठे, मी विचारलं. "हिंगोलीला. मी बघतो तिकडं काहीतरी काम. अंधाराची बेडरूम तिकडं पण मिळेल. ऑर्डर आली त्या दिवसापासून म्हणायचं होतं. पण बायकोला असं कुणी म्हणतं का, मला घेऊन चल? पप्पांच्या समोर?"

मी हो म्हणेपर्यंत पुण्याकडची गाडी आली. मग मला ओरडूनच सांगावं लागलं.