पाचव्या पात्यावरचं बोट

बाबा, आज रविवार, सकाळचे आठ वाजलेत आणि मी अकोल्याच्या घरी तुमचे पाचही खंजीर पुढ्यात घेऊन बसलो आहे. चिंध्या, तेल, बारीक पावडर असं सगळं अमरावतीहून आणलं. तुम्ही गेल्यावर नववीतच शाळा सुटली आणि मी तिथल्या घड्याळाच्या दुकानात लागलो. हात आता सावध झाला आहे. तुमची ही खंजिरांची पेटी मात्र इतकी वर्षं उघडवली नव्हती.

पहिला खंजीर तुम्ही बाळापूरच्या कबाडीवाल्या चाचांकडून आणलात, तेव्हा मी सायकलच्या दांडीवर होतो. लग्नाच्या बँडच्या मास्तराला साहेबासारखा कोट असतो, टोपी असते, मग कमर रिकामी का, असं तुमचं म्हणणं. चाचांनी जुन्या ट्रंकेतून तो काढला. पांढरी मूठ, टोकाला पितळेचं सिंहाचं तोंड, पात्यावर कोरलेली वेल. "मास्तर, ये तो समंदर के अफसर का है. जलसे में पहनते थे. बारात में चलेगा?" घरी येऊन तुम्ही आईला कौतुकाने म्हणालात, यावर नांगर आहे. आईने पातं उलटून पालटून पाहिलं. "कुठं हाय नांगर? फाळ तं दिसत नाही." जहाजालाही नांगर असतो हे आपल्या घरात तुम्हालाच ठाऊक, तेही चाचांनी दुपारीच सांगितलेलं.

धार पाहायला मी बोट लावलं आणि तुम्ही हातावर चापट मारलीत. "पात्याले उघडं बोट लावाचं नाही. घामानं गंजते." मी म्हणालो, हा तर बोथट आहे. "लेका, हा कापाले नाही, दाखवाले हाय." मग पाच-सहा वर्षांत एकेक करत आणखी चार आले. आई म्हणायची, "घरातला विळा बोथट, अन् तुमी अजून एक बोथट घेऊन आले!" वरातीत ढोलवाले काका ओरडायचे, "मास्तर, खंजीर काढा, नवरदेव पळून राहिला!" तुम्हाला हसू यायचं आणि तोंडातल्या ट्रम्पेटचा सूर फाटायचा. प्रत्येक म्यानाला चिठ्ठी बांधायचं काम माझं. मी 'खंजिर' लिहिलं तर तुम्ही फाडून परत लिहायला लावलंत. खंजीर दीर्घ, पण खंजिराचा म्हटलं की ऱ्हस्व, हे मला पुढे कळलं. तुम्हाला सांगायचं राहिलं.

दसऱ्याला ढोल, ताशा, ट्रम्पेट आणि त्यांच्या शेजारी पाचही उघडे खंजीर. तुम्ही ओल्या कुंकवाचं बोट मुठीखाली टेकवता. मी लगेच म्हणतो, बाबा, उघडं बोट! तुम्ही हसता. "हे पूजेचं बोट हाय. हे चालते." ते कुंकू तुम्ही पुसू देत नाही. तसंच ओलं म्यानात जातं.

आज पाचांवरही मुठीखाली तपकिरी डाग निघाले. चार मी घासून काढले, चकचकीत, एक ओरखडा नाही. आई चहा घेऊन आली आणि उभीच राहिली.

"काहून घासून राहिला रे ते?"

"गंज आहे, आई."

"कायचा गंज? तुया बाबाचं बोट हाय ते. दरसाल तिथंच टेकवत."

रागावली नाही. कप ठेवून आत गेली.

पाचवा तेव्हापासून हातात धरून बसलो आहे. डाग नीट पाहिला तर लांबट, एका टोकाला गोल, बोट टेकल्यासारखाच आहे. गंज आत उतरला आहे. आज काढला नाही तर पुढे पातं खाईल. मी जे काही शिकलो ते सगळं सांगतं, काढ. पावडर दोनदा चिंधीवर घेतली आणि दोनदा झटकली. मग उघडं बोट त्या डागावर ठेवलं. तुमचा हात मला फार मोठा आठवतो, सगळा ट्रम्पेट त्यात मावायचा. पण माझं बोट डागाच्या बाहेर आलं, दोन्ही बाजूंनी. तुम्ही एवढे लहान होतात, बाबा.

हा कागद पाठवायला जागा नाही, म्हणून खंजिरांसोबत पेटीत ठेवतो. चारांना तेल लावलं. पाचव्याला लावलं नाही. माझ्या बोटाला घाम होता, आणि तो न पुसताच मी खंजीर म्यानात घातला.