शनिवारचं कुलूप

प्रिय डॅनियल,

पेणच्या दवाखान्यातून लिहितेय. पायात सळई घातलीय, दुखतं, पण खातेपिते. फोनवर तू चिडतोस, मी रडते आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून कागद घेतला. समीक्षा नावाची सिस्टर याचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. मी औषधाच्या गुंगीत असताना तू तिकडून घरफोडीची तक्रार दिलीस, चोराने मला ढकललं असं लिहिलंस. त्याचंच सांगायचंय, पण मला माझ्या चालीने सांगू दे.

गेल्या दिवाळीत रोह्याला आलास तेव्हा दाराला बोटाने उघडणारं कुलूप बसवलंस, पुढेमागे कॅमेरे लावलेस. कुलूप नेमकं मेझुझाच्या, चौकटीवरच्या त्या प्रार्थनेच्या डबीच्या शेजारी, जिथे तुझे पप्पा येताजाता बोट टेकवून ओठांना लावायचे. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. तेलाच्या घाण्यावाल्यांचा नातू, आणि तिकडे विमानतळांची दारं त्याच्या यंत्रांनी उघडतात.

पण बाळा, तू शनिवार विसरलास. शब्बाथला मी विस्तव पेटवत नाही, बटण दाबत नाही, हे तुला मी सांगायचं? दार नुसतं लोटलेलं असायचं. शेजारची हलीमा येऊन गॅस पेटवायची, पंखा लावायची, तू पाळण्यात होतास तेव्हापासून. तुझं कुलूप आपोआप लागतं आणि आतून उघडायलाही बटणच. पहिल्याच शनिवारी ती बाहेर, मी आत. तिने दार हलवलं, तुझ्या फोनने तिला अनोळखी ठरवलं आणि चेहराही न बघता तू पोलिसांना कळवलंस. हवालदार सभ्यपणे बोलला, पण गल्ली गोळा झालीच. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले, तर भांडी घासताना मान वर न करता ती म्हणाली, "बाय, तुमच्या दारात मला माझं नाव सांगायला लागलं. आता मी नाय येणार." मी परत आले. फार लागलं मला ते.

मग या गेल्या शनिवारी मोरीत माझा पाय घसरला. फोन बंद, दार बंद. नुसत्या हाका मारत पडले होते. हलीमाने त्या ऐकल्या. तिचा लेक इलियास धाटावच्या कारखान्यातली रात्रपाळी करून नुकताच आला होता. हेल्मेटसकट धावला, मागच्या दाराची कडी पहारीने उचकटली आणि मला उचलून रिक्षात घातलं. तुझ्या कॅमेऱ्यातला चोर तोच रे. काल त्याला पोलिसांनी चौकशीला बोलावलं. नाव तक्रारीत राहिलं तर कंपनी गेटवरून आत घेणार नाही. माझा जबाब मी देईनच, पण तक्रार तुझी आहे. आजच मागे घे. आणि मग मला नको, हलीमाला फोन कर. तिने उचलला की आधी तुझं नाव सांग.

तुझीच,
आई