डोहक्याला पापण्या लावू नयेत

मी, इंदिरा माधव गलांडे, राहणार इंदापूर, धंदा चित्रकार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून लिहिते. कुणाचं दडपण नाही असंही लिहायची पद्धत आहे, पण ते खोटं ठरेल. माझा मुलगा कुशल बाहेरच्या खोलीत गेम कंपनीचा कागद माझ्या सहीसाठी घेऊन बसला आहे, आणि मला हृदयाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायला गाडी दारात उभी आहे.

राहतं घर मी पूर्वीच बक्षीसपत्रानं कुशलच्या नावे केलं आहे. ठेवीही त्याच्याच नावावर आहेत. त्यात वाद नाही.

वाद आहे तो डोहक्याचा. ‘काळडोह’ या व्हिडिओ गेमच्या सातही भागांत पाण्याखालून वर येणारा हा प्राणी माझा आहे. करारानुसार माझ्या सहीशिवाय कंपनीला त्याच्या अंगात तिळभर बदल करता येत नाही. माझ्यामागे हा हक्क मी नेमीन त्या माणसाकडे जाईल. कुणी नेमलंच नाही, तर कुशलकडे.

डोहक्या कसा बदलतो ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या कुणीही येईल नि शेपूट चिकटवील. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवहून, माझ्या माहेराहून, गाळ आणायचा. त्याचा डोहक्या घडवून उन्हात ठेवायचा. जिथे तडकेल तिथेच पुढच्या भागात बदल. पहिल्या खेपेला मान तडकली, तिथे कल्ले आले. मग पाठ तडकली, तिथे काटे उगवले. बाकी अंग जसंच्या तसं. म्हणून तर जुने खेळणारे त्याला नुसत्या सावलीवरून ओळखतात.

करार व्हायच्या आधी, चौथ्या भागात, कंपनीच्या साहेबांनी त्याला परस्पर पापण्या बसवल्या. का, तर गोंडस दिसावा! माझी भाची छकुली तेव्हा शाळेत होती. रिमोट फेकून म्हणाली, “आत्या, ह्यो तर डोळं मिटतोय! आता ह्याला कोण भिणार?” तो भाग साफ आपटला. मी भांडभांड भांडले, पापण्या काढायला लावल्या आणि करार करून घेतला.

आता आठव्या भागात साहेबांना पुन्हा पापण्या हव्यात, वर पंखही. कुशल त्याच कंपनीत आहे आणि त्याची बढती माझ्या सहीवर अडली आहे. पोटचा पोर आहे, जीव तुटतो माझा. तरी मी सही करणार नाही, आणि हा हक्क त्याला देणार नाही. साहेबांपुढे तो वाकेल. हा हक्क मी छकुली रणजित बनसुडे, राहणार पळसदेव, हिला देते. माझी कोरणीही तिलाच.

तिचा बाप, माझा भाऊ रणजित, “चिखलात खेळून कुणाचं भलं झालंय?” म्हणायचा. त्याला तडकलेले सगळे डोहक्ये द्यावेत, टीव्हीशेजारी मांडायला. साहेबांनी भेट दिलेला कापडी डोहक्या त्यांना पापण्यांसकट परत करावा.

साक्षीला शेजारचे विजयसिंह यांना बोलावलं होतं. मजकूर ऐकून त्यांनी चपला घातल्या. “वहिनी, मायलेकाच्या मधी मला घालू नका,” म्हणाले नि गेले. दोन साक्षीदार नसतील तर हा कागद रद्दी. उरल्या एकट्या, मला निघण्याआधी तपासायला आलेल्या डॉक्टर निकिता. गाडीवाला हॉर्न वाजवतोय. कुशल आत आला, त्यानं उभ्याउभ्याच सगळं वाचलं.

“एवढाही भरवसा नाही माझ्यावर?”

“या बाबतीत नाही.”

“आणि दुसरी सही मिळालीच नाही तर? सगळं माझ्याकडेच येईल. कळतंय का तुला?”

“कळतंय रे. तरी एक अक्षर खोडणार नाही.”

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आहे. मी माझी सही करून कागद टेबलावर ठेवते. पुढं देव आणि तो.

स्थळ: इंदापूर
दिनांक: १९ मे २०२५

लिहून ठेवणार: इंदिरा माधव गलांडे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. निकिता भोंग, इंदापूर (सही)
२. कुशल माधव गलांडे, मुलगा (सही). वाचून, समजून सही केली. मी वाकलो असतो.