ओहोटीचे कोरडे दगड

शुक्रवार, संध्याकाळ. येडशी.

आज पुन्हा ठसा काढला, तरी जीव थाऱ्यावर नाही. वेंगुर्ल्याला ओहोटीत बसून रेखाटलेले खडक लिनोच्या मऊ लादीवर कोरले, शाई फिरवली, कागद दाबला. रेषा छान उठल्यात. मग खटकतंय काय? ते दगडच.

चहाचा कप घेऊन सासरे आले. वाळत घातलेला ठसा बघून म्हणाले, "तिथलं पाणी आटलं का गं?"

"न्हाय मामा, ओहोटी हाय ती. पाणी परत येतंय."

"रोज?"

"रोज."

"पाऊस न पडता?" त्यांना काही पटेना. मला हसू आलं.

ते गेल्यावर परत दगडांकडं बघितलं आणि चरकले. ओहोटीतले दगड ओले असतात, काळेभोर. पाणी नुकतंच गेलेलं असतं. कोरलं तिथं शाई लागत नाही, हे ठाऊक असून मी ते कोरून कोरून पांढरेफटक केलेत, उन्हाळ्यात आपल्या ओढ्यातले असतात तसे. आता लिनो भरून थोडाच येणार! उद्या नवा तुकडा घ्यायचा, दगड काळेच ठेवायचे.

मामांना पटलं नाही म्हणून हसले मी. माझ्या हाताला तरी कुठं पटलं होतं?